वाहनचोरीचा आरोप आणि इराद्याचा प्रश्न



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून राज्यघटना, मूलभूत हक्क किंवा न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य असे भारदस्त विषय मांडावेत हा संकेत मला ठाऊक असताही मी आज स्कूटर, ट्रक आणि भाड्याच्या मोटारसायकली यांच्या चोरीचा विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ आपण येथे डिचोलीत जमलो आहोत, त्यांची हयात तालुक्याच्या कोर्टात गेली. आणि तालुक्याच्या कोर्टात येणाऱ्या सामान्य मनुष्याची व फौजदारी कायद्याची पहिली गाठ पडते ती बहुधा असल्याच एखाद्या किरकोळ दिसणाऱ्या फिर्यादीच्या निमित्ताने. खुनाच्या खटल्यात प्रेत समोर असते, आणि दरोड्यात शस्त्र असते. वाहनचोरीच्या खटल्यात मात्र पुष्कळदा वाहन सापडलेले असते, ते नेणारा इसम हजर असतो, नेल्याची गोष्ट तो नाकारीतही नसतो, आणि तरीसुद्धा गुन्हा घडला की नाही हा प्रश्न शिल्लक राहतो. तो प्रश्न त्या इसमाच्या मनात त्या घटकेला काय होते याचा आहे, आणि त्याच एका प्रश्नाचा मी आज माग काढणार आहे.

पेडणे आणि डिचोली या दोन महालांत या प्रश्नाला एक स्थानिक रंगही चढला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांच्या अमलाखाली गेली, तेव्हापासून हा मुलूख सरहद्दीचा झाला तो आजतागायत. पत्रादेवी, दोडामार्ग, सातार्डा ही नावे येथील माणसाला सोयरिकीच्या आणि बाजाराच्या वाटेवरची म्हणून जितकी परिचित, तितकीच ती पोलिसांना नाकाबंदीची ठिकाणे म्हणून परिचित आहेत. जीए-११ ची पेडण्यातील दुचाकी किंवा जीए-०४ चा डिचोलीतील ट्रक थोड्याच वेळात एमएच-०७ च्या मुलखात पोहोचतो, आणि सरहद्द ओलांडली एवढ्यावरूनच चोरीचा संशय बळावतो. वस्तुतः बांद्याला मावशी असणाऱ्या मुलाने मावशीकडे जाणे यात संशयास्पद असे काहीच नसते. त्यात पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर, हरमल, मांद्रे, मोरजी या गावी, परप्रांतीय आणि परदेशी प्रवासी भाड्याच्या दुचाक्या घेऊन हिंडतात, आणि २०२३ च्या आरंभी मोप्याचा विमानतळ चालू झाल्यापासून ही वर्दळ वाढली आहे. ज्या गावात कोणाची गाडी कोणती हे प्रत्येकाला ठाऊक असे, तेथे आता रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पाच पांढऱ्या स्कूटरांपैकी आपली कोणती हे मालकालाही नंबर वाचल्यावाचून कळत नाही.

गोव्याच्या मुक्तीपूर्वी येथे १८८६ ची पोर्तुगीज दंडसंहिता चालत असे. मुक्तीनंतर भारतीय दंडसंहिता आली, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीची व्याख्या जुन्या संहितेत ३७८ व्या कलमात होती, ती नव्या संहितेत ३०३ व्या कलमात जवळजवळ अक्षरशः उतरली आहे. म्हणून शंभर-दीडशे वर्षांत या व्याख्येवर जे चिंतन झाले, ते सारे आजही आपल्या कामाचे आहे.

सरहद्दीपलीकडे, सावंतवाडीला किंवा बांद्याला, वाहन गेल्याची फिर्याद मराठीत लिहिली जाते आणि तिच्यात एक ठरीव वाक्य येते: कोणीतरी अज्ञात चोरट्याने फिर्यादीच्या संमतीवाचून, लबाडीच्या इराद्याने, स्वतःच्या आर्थिक फायद्याकरिता सदरची मोटारसायकल चोरून नेली. हे वाक्य हवालदाराच्या लेखणीतून सवयीने उतरते. फिर्यादी सांगतो एवढेच की रात्री अंगणात लावलेली गाडी सकाळी दिसली नाही. इरादा, लबाडी, आर्थिक फायदा ही सारी त्या अज्ञात इसमाच्या अंतःकरणातील गुपिते फिर्यादीला कशी कळली, असे कोणी विचारीत नाही. आमच्याकडे फिर्याद बहुधा इंग्रजीत लिहिली जाते एवढाच फरक. ठरीव वाक्य तेथेही आहेच. बचावाच्या वकिलाचे काम या वाक्यापासून सुरू होते, कारण त्यातला प्रत्येक शब्द हा सरकारपक्षाने शाबीत करावयाचा स्वतंत्र मुद्दा असतो आणि फिर्यादीत तो लिहिला गेला म्हणून शाबीत झालेला नसतो.

कायदा म्हणतो तो असा की, जंगम मालमत्ता दुसऱ्याच्या कबजातून, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिकपणे घेण्याचा इरादा धरून जो ती हलवितो तो चोरी करतो. यातील दोन गोष्टी सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहेत. एक, येथे मालकीचा उल्लेख नाही, कबजाचा आहे. दुसरी, वस्तू लांब नेली पाहिजे असे नाही. इराद्यासह ती हलली की पुरे. संहितेच्या कर्त्यांनी दिलेल्या दृष्टांतांत एक बैलाचा आहे: पाठीवर द्रव्याची पेटी लादलेला बैल, ते द्रव्य हडपण्याच्या हेतूने, कोणी एका दिशेने हाकला, तर बैलाने पाऊल उचलताक्षणी चोरी पुरी झाली. मेकॉलेच्या मसुद्याच्या काळी, म्हणजे १८३७ च्या सुमारास, बैल हेच वाहन होते. आज त्याच न्यायाने अंगणातून ढकलीत रस्त्यावर आणलेली, अद्याप चालूही न झालेली मोटारसायकल चोरीस गेलेली ठरू शकते.

आणि याच ठिकाणी लोकांच्या मनातला सर्वांत मोठा गैरसमज आडवा येतो. आरोपीचा बाप कोर्टाच्या पायरीवर वकिलाला हात जोडून सांगतो, ‘साहेब, पोराने गाडी परत आणून लावली, मग चोरी कसली?’ बापाचे म्हणणे नीतीच्या दृष्टीने वावगे नाही, आणि इंग्लंडात ते कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर ठरले असते. तेथे चोरीसाठी मालकाला वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा इरादा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका इंग्रजी खटल्यात दोघांनी रात्री तबेल्यातून दोन घोडे काढले, त्यांवर बसून ते दुसऱ्या गावी गेले आणि तेथील खाणावळीत घोडे सोडून पायी निघाले. पाय दुखू नयेत म्हणून त्यांनी ते नेले, ठेवून घेण्यासाठी नव्हे, असे ज्युरीने मानल्यावर ती चोरी ठरली नाही. पुढे मोटारी आल्या आणि मौजेखातर मोटार पळवून कोठेतरी सोडून देणाऱ्या तरुणांचा सुळसुळाट झाला, तेव्हा इंग्रजांना त्यासाठी निराळा गुन्हा निर्माण करावा लागला. १९६८ च्या त्यांच्या चोरीविषयक कायद्यात बाराव्या कलमात तो आजही आहे. आपल्या संहितेने ‘कायमचे’ ही अट पहिल्यापासूनच घातली नाही.

या मुद्द्यावरचा आपल्याकडील अग्रगण्य निवाडा एका वाहनाविषयीचा आहे, आणि ते वाहन म्हणजे चक्क विमान आहे. के. एन. मेहरा हा जोधपूर येथील हवाई दलाच्या प्रशिक्षणसंस्थेत शिकणारा उमेदवार. १४ मे १९५२ च्या पहाटे, त्या दिवशीच्या आपल्या नेमलेल्या डाकोटा विमानातील उड्डाणाच्या वेळेअगोदरच, कोणाचीही आज्ञा न घेता आणि कोणताही रिवाज न पाळता, त्याने एका सोबत्यासह हार्वर्ड जातीचे शिकाऊ विमान उडविले. आणि तो सोबती असा की ज्याला आदल्याच दिवशी गैरवर्तनासाठी संस्थेतून काढून टाकले होते. त्या दिवशी दुपारपूर्वी विमान सरहद्दीपासून सुमारे शंभर मैल आत, पाकिस्तानात उतरले. दोन दिवसांनी दोघे कराचीस भारतीय उच्चायुक्ताच्या कचेरीशी संपर्क साधून, आम्ही वाट चुकलो, आम्हांस परत पाठवा, अशी विनवणी करू लागले. परत येताना १७ मे रोजी जोधपूरलाच त्यांना अटक झाली.

बचाव दोन प्रकारचा होता आणि दोन्ही प्रकार तालुक्याच्या कोर्टात रोज ऐकू येणारे आहेत. पहिला, संमतीचा: मी शिकाऊ वैमानिक, विमान शिकण्यासाठीच ठेवलेले, तेव्हा सरकारची संमती गृहीत होती. दुसरा, इराद्याचा: विमान ठेवून घेण्याचा माझा विचार नव्हता, हवामानामुळे वाट चुकली. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी १९५७ रोजी दोन्ही फेटाळले. नेमून दिलेल्या वेळेअगोदर, परवानगीवाचून, बडतर्फ माणसाला बरोबर घेऊन केलेल्या उड्डाणाला शिक्षणासाठी दिलेली संमती पुरत नाही. आणि ज्या वापराचा आपणांस हक्क नाही असा वापर थोड्या वेळापुरता जरी मिळविला तरी तो गैरलाभ, व सरकारला आपल्या विमानाच्या उपयोगाला तेवढ्या काळापुरते मुकावे लागले ती गैरहानी, आणि या दोहोंचा इरादा म्हणजेच अप्रामाणिकपणा, असे न्यायालयाने ठरविले. हा इरादा विमान हलविण्याच्या क्षणीच असावयास हवा, नंतर सुचलेला चालत नाही, हेही न्यायालयाने मानले. पण पहाटेची वेळ, सोबत्याची निवड आणि विमानाची दिशा या तीन गोष्टींवरून तो आरंभापासूनच होता असे अनुमान त्याने काढले. शिक्षा मात्र सौम्य केली. अलवारच्या एका सरकारी कचेरीतील अधीक्षकाने एक फाईल एखाद्या दिवसापुरती घरी नेऊन बाहेरच्या माणसाच्या हाती दिली आणि परत आणून ठेवली, त्या खटल्यातही न्यायालयाने पुढे १९६२ साली हाच न्याय लावला.

तेव्हा ‘परत आणून लावली’ हा बचाव आपल्या कायद्यात स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नाही. मला विचाराल तर या बाबतीत आपली संहिता इंग्रजी कायद्याहून शहाणी आहे. मध्यरात्री बाळंतिणीला म्हापशाच्या इस्पितळात नेण्यासाठी मालकाला गाडीची गरज पडली आणि ती गाडी कोणीतरी हरमलच्या किनाऱ्यावर मौजेला नेलेली असली, तर सकाळी ती जागेवर आली या गोष्टीने त्या रात्रीची हानी भरून येत नाही.

परंतु मग मित्राची स्कूटर न विचारता पानपट्टीपर्यंत नेणारा प्रत्येक जण चोर काय? येथे संहितेच्या कर्त्यांचा आणखी एक दृष्टांत उपयोगी पडतो. स्नेह्याच्या गैरहजेरीत त्याच्या ग्रंथसंग्रहातून, वाचून परत करावे म्हणून, कोणी पुस्तक उचलले. स्नेह्याने विचारले असते तर हो म्हटले असते असा त्याचा समज असणे संभवते. तसा समज असेल तर चोरी नाही. हा दृष्टांत वाहनाला लावताना एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा लागतो. मेहराने सरकारची संमती होती असे सांगितले, पण सरकार विचारल्यावर हो म्हणाले असते असे तो कोणत्या तोंडाने सांगणार? याउलट, एकाच अंगणात राहणाऱ्या चुलतभावांत गाडीची किल्ली वर्षानुवर्षे एकाच खुंटीला टांगलेली असते, पेट्रोल कधी हा घालतो कधी तो, आणि मग जमिनीच्या वाटणीवरून बेबनाव झाल्यावर त्याच किल्लीचा वापर एकाएकी चोरी म्हणून ठाण्यात नोंदविला जातो. अशा खटल्यात खुंटी कोठे होती, किल्ली कोणाकोणाच्या हाती असे, भांडणापूर्वी कितीदा गाडी नेली आणि कोणी हरकत घेतली काय, या घरगुती तपशिलांवर सारा बचाव उभा असतो. उलटतपासणीत हे प्रश्न विचारणारा वकील वरवर पाहता वेळ घालवतो असे वाटते; वास्तविक तो संमतीची विहीर खणीत असतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९७ वे कलम याच जागेसाठी आहे, आणि ते आमच्या पोलीस ठाण्यांत फारसे आठवले जात नाही याचा मला खेद वाटतो. मालकाच्या संमतीवाचून किंवा अन्य कायदेशीर अधिकारावाचून मोटार घेऊन जाणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, असे ते कलम सांगते. दंडाची मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने पाच हजार रुपये झाली. त्याला परंतुक जोडलेले आहे: आपणांस अधिकार आहे असा वाजवी समज असेल, किंवा विचारले असते तर मालकाने प्रस्तुत परिस्थितीत संमती दिली असती असा वाजवी समज असेल, तर शिक्षा होणार नाही. पुस्तकाच्या दृष्टांतातील स्नेही येथे कायद्याच्या मुख्य अंगात येऊन बसला आहे. चोरीला तीन वर्षे आणि या गुन्ह्याला तीन महिने. मेहराच्या निवाड्यानंतर या दोहोंची हद्द पुसट आहे हे मान्य करूनही, ज्या खटल्यात मौजेपलीकडे कोणताही लाभ दिसत नाही, नंबरप्लेट बदललेली नाही, गाडी लपविलेली नाही, तेथे लहान कलमाचा आग्रह धरणे हे बचावाच्या वकिलाचे कर्तव्यच आहे. आणि कोणते कलम लावावे हे ठाण्यातील अंमलदाराच्या मर्जीवर सोडून देणे ही आपल्या धंद्याची आळशी सवय आहे, हेही येथे आपल्या माणसांत स्पष्ट बोलतो.

चुकून दुसऱ्याचे वाहन नेण्याचा प्रश्न यापेक्षा सरळ आहे. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या लईराईच्या जत्रेत व्रतस्थ धोंडगणांच्या आणि इतर भाविकांच्या शेकडो गाड्या शेतांत उभ्या असतात. पहाटे होमखंडाच्या निखाऱ्यांवरून परतलेला, रात्रभर जागलेला मनुष्य आपल्या गाडीसारखीच दिसणारी दुसरी गाडी घेऊन निघतो, आणि जुनी झिजलेली किल्ली असली म्हणजे कधीकधी परकी गाडीही चालू होते. संहितेचा शेवटचा दृष्टांत सांगतो की वस्तू आपलीच आहे असे सद्भावनेने समजून जो ती नेतो तो अप्रामाणिक नाही, सबब चोर नाही. परंतु सद्भावना म्हणजे नुसता भोळेपणा नव्हे. पुढच्या पेट्रोलपंपावर नंबर पाहिल्यावर तो परत फिरला काय, ठाण्यात वर्दी दिली काय, आपली स्वतःची गाडी शेतात तशीच उभी होती काय, यांवर कोर्ट त्याचा समज तपासते. चूक कळल्यानंतरही गाडी ठेवून घेणारा मनुष्य, आरंभी निरपराध असला तरी, पुढे अपहाराच्या गुन्ह्यात सापडू शकतो. दारूचा बचाव याच्याशेजारी ठेवतात. मांद्र्याच्या रस्त्यावर पहाटे दुसऱ्याची स्कूटर उचलणाऱ्या प्रवाशाचा वकील तो हटकून घेतो. स्वखुशीने प्यालेल्या इसमाला शुद्धीतल्या माणसाइतके ज्ञान होते असे कायदा धरतो, मात्र इरादा प्रत्यक्ष परिस्थितीवरून ठरवावा लागतो. व्यवहारात हा बचाव क्वचितच तारतो आणि त्यावर अधिक वेळ घालवावा असे मला वाटत नाही.

आता हक्काच्या दाव्याकडे वळतो, कारण डिचोलीत या दाव्याला एक दुःखद इतिहास आहे. खनिजाच्या भरभराटीच्या वर्षांत या तालुक्यात घरटी ट्रक झाले. शेती सोडून, दागिने गहाण ठेवून, बँकेचे वा वित्तसंस्थेचे कर्ज काढून लोकांनी टिपर घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मध्यंतरी चालू झाल्या. आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा ठप्प झाल्या. ट्रक दारात उभे, हप्ते मात्र चालू. अशा काळात वित्तसंस्थेची माणसे येऊन दारातला ट्रक घेऊन गेली, तर ती चोरी काय? आणि जप्त केलेला ट्रक मालकाने रात्री त्यांच्या आवारातून परत आणला, तर ती चोरी काय?

पहिल्या प्रश्नावर निवाड्यांची परंपरा आहे. भाडेखरेदीच्या करारात हप्ते फिटेपर्यंत मालकी वित्तसंस्थेची असते आणि करारानेच तिला ताबा परत घेण्याचा अधिकार असतो. म्हणून तिने ताबा घेतला तर तिच्यापाशी अप्रामाणिक इरादा नाही, चोरीचा गुन्हा बनत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या त्रिलोक सिंग प्रकरणापासून २००१ च्या चरणजित सिंग चढ्ढा प्रकरणापर्यंत सांगितले. पण त्याच न्यायालयाने २००७ साली आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात वसुलीसाठी गुंड पाठविण्याच्या पद्धतीवर कोरडे ओढले आहेत. इरादा प्रामाणिक असला म्हणजे पद्धत कायदेशीर ठरते असे नाही. चोरी नसेल, पण धमकी, मारहाण, अनधिकार प्रवेश हे गुन्हे उरतातच. शिवाय आजचे बहुतेक व्यवहार भाडेखरेदीचे नसून गहाणाचे असतात. आरसी बुकावर बँकेचा बोजा नोंदलेला असतो, परंतु मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अशा कराराखाली ज्याच्या कबजात वाहन आहे तोच मालक. भाडेखरेदीच्या निवाड्यांची ढाल गहाणदाराला जशीच्या तशी वापरू द्यावी काय, हा वाद बचावाचा वकील अवश्य घालू शकतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संहितेच्या घड्याळाच्या दृष्टांतात आहे. घड्याळ दुरुस्तीला दिले, दुरुस्तीचे पैसे देणे नाही, आणि मालकाने ते दुकानातून उघडपणे, जबरीने उचलून आणले, तर चोरी नाही. पण पैसे देणे असताना दुकानदाराने ते तारण म्हणून अडकवून ठेवलेले असेल, आणि त्याचे तारण बुडविण्याच्या हेतूने मालकाने नेले, तर स्वतःच्याच घड्याळाची चोरी होते. घड्याळाच्या जागी टिपर आणि घड्याळजीच्या जागी गॅरेजवाला किंवा वित्तसंस्था घालून पाहा. आपल्याच ट्रकाची चोरी होऊ शकते हे ऐकून आमचा ट्रकवाला संतापतो आणि त्याचा संताप समजण्यासारखा आहे. तरी कबजा कायदेशीर असेल तर कायदा मालकाविरुद्धही त्याचे रक्षण करतो. ताबा मुळातच बेकायदेशीरपणे, जबरदस्तीने हिसकावलेला असेल, तर मात्र मालकाचा इरादा गैरलाभाचा होता असे म्हणणे कठीण आहे, आणि येथे मालकाच्या बाजूने जोरकसपणे बोलता येते.

गोव्यात हक्काच्या दाव्याला आणखी एक कोपरा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचे कौटुंबिक कायद्याचे भाग येथे आजही लागू आहेत, आणि विवाहपूर्व निराळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक असते. नवऱ्याच्या नावावर नोंदलेली मोटार घेऊन बायको माहेरी गेली आणि नवऱ्याने चोरीची फिर्याद दिली, तर नोंदणी कोणाच्या नावावर यापेक्षा तिचा निम्मा हिस्सा आहे हा मुद्दा अधिक वजनदार आहे; ज्या मालमत्तेवर आपला हक्क आहे तिचा लाभ हा गैरलाभ नव्हे. सरहद्दीपलीकडे सावंतवाडीच्या कोर्टात हाच युक्तिवाद याच रूपात करता येणार नाही.

नोंदणीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जुनी गाडी विकताना फॉर्म २९ व ३० वर सह्या करून द्यावयाच्या, पैसे निम्मे घ्यावयाचे, आणि नावाची फेरफार पुढे केव्हातरी, ही आपल्याकडची रीत. मग उरलेल्या पैशांवरून वाद झाला की विकणारा आरसी बुक दाखवून ठाण्यात सांगतो, गाडी माझी, याने चोरली. मालविक्रीच्या कायद्यान्वये विक्री पुरी व्हायला नोंदणीची गरज नाही, आणि गाडी तर त्याने स्वहस्ते किल्लीसह दिलेली. कबजातून घेण्याची क्रियाच येथे नाही. अपघाताची नुकसानभरपाई मागताना मात्र कोर्ट नोंदलेल्या मालकालाच धरते. भाड्याच्या गाडीचेही तसेच आहे. हरमलला आठ दिवसांसाठी घेतलेली स्कूटर पंधरा दिवस परत न करणारा प्रवासी बेजबाबदार खरा, पण कबजा त्याला संमतीने मिळाला होता. त्याने ती गोकर्णाला नेऊन विकली तर तो विश्वासघाताचा गुन्हा आहे, चोरीचा नव्हे. कलम चुकले की खटलाही चुकतो, हे भाड्याने गाड्या देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पुराव्याविषयी थोडे. चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्यापाशी सापडतो आणि ज्याला तो कसा आला हे सांगता येत नाही, तो चोर किंवा चोरीचा माल घेणारा असे कोर्ट गृहीत धरू शकते. जुन्या पुरावा कायद्यातील ११४ व्या कलमातील हे गृहीतक नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. येथे आरोपीचे मौन त्याला घातक ठरते. सावंतवाडीच्या बाजारात बाजारभावाने, पावती घेऊन, चेसिस नंबर ताडून घेतलेली गाडी आणि रात्री अंधारात निम्म्या किमतीत घेतलेली गाडी यांत कोर्ट भेद करते, आणि तो भेद दाखविणारे कागद बचावाने पहिल्याच संधीला पुढे आणावेत. दरम्यान मुद्देमाल म्हणून जप्त झालेली वाहने ठाण्याच्या आवारात आमच्या पावसाळ्यात गंजत पडतात, त्यांच्या सीटांतून गवत उगवते. ती लवकर परत द्यावीत असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलेले आहे. त्यांसाठी अर्ज करणे हे फिर्यादी व आरोपी दोघांच्याही वकिलांचे काम आहे. आणि दोष शाबीत झाला तरी १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात चोरीचा नामनिर्देश करून, पहिल्या गुन्ह्याला ताकीद देऊन सोडण्याची मुभा ठेवलेली आहे, हे एकोणीस वर्षांच्या मुलाची बाजू मांडताना विसरू नये.

नव्या संहितेने एक नवा प्रश्न आपल्यापुढे ठेवला आहे, आणि त्याच्याशी मी थांबतो. तिच्या ३०५ व्या कलमात माल किंवा प्रवासी यांच्या वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनाची चोरी निराळी काढून तिला सात वर्षांपर्यंत कैद ठेविली आहे. पेडण्याच्या बाजारात उभी असलेली, भाड्याने प्रवासी नेणाऱ्या ‘पायलट’ची पिवळी-काळी मोटारसायकल या कलमात सहज बसते; सत्तरीहून भाजी आणणारा टेम्पोही बसतो. परंतु शाळामास्तरांची घरगुती स्कूटर, जिच्यावर त्यांच्या पत्नी मागे बसतात, ती प्रवासी वाहतुकीचे साधन म्हणावयाची काय? तसे म्हटले तर तीन वर्षांचे ३०३ वे कलम दुचाक्यांपुरते निरर्थक होईल, आणि पानपट्टीपर्यंत गेलेला चुलतभाऊ सात वर्षांच्या गुन्ह्याचा आरोपी होईल. माझ्या मते कलमातील ‘वाहतुकीसाठी वापरले जाणारे’ हे शब्द धंद्याच्या वाहतुकीपुरतेच वाचले पाहिजेत. या तालुक्यांतील तरुण वकिलांपैकी कोणी हा मुद्दा आरोपनिश्चितीच्या वेळीच उपस्थित करून उच्च न्यायालयापर्यंत नेईल, तर ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांना ते खचित आवडले असते.